गडूतलं पाणी

नुपूर आणि आदित अकरा दिवस एकमेकांशी बोलले नव्हते, आणि आता दोघंही एकाच वेळी दारात बूट काढत उभे होते. टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या त्या फ्लॅटचा बूट काढायचा कोपरा दोन माणसांनाही नीट पुरत नाही; एकमेकांशी बोलायचं नसलेल्या दोन माणसांना तर मुळीच पुरत नाही. आदितची बायको सोनल मागे पॅसेजमध्ये हातात डबा घेऊन ताटकळत होती. प्रभावतीबाईंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून पाहिलं. चाळिशीला टेकलेला मुलगा आणि पस्तिशीची मुलगी, पण बूट काढताना कोपर मारायची रीत तीच, आठ आणि पाच वर्षांची असतानाची.

"आत या आधी," त्या म्हणाल्या. "भांडण गरमच राहील, वांगी गार होतील."

जेवण हे निमित्त होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. उद्या रविवारी नुकुसावात बैठक होती आणि कुरोइवा ह्या सासरच्या घराचा शिक्का प्रभावतीबाईंच्या पर्समध्ये होता.

नुकुसावा म्हणजे त्यांच्या यजमानांचं गाव. उत्तरेकडच्या तोहोकुच्या डोंगरातली चौदा घरं आणि एका कातळाखालून बारा महिने वाहणारा झरा. सरकारी नळ तिथवर कधी पोचला नाही. झऱ्याचंच पाणी एका जुन्या पाइपातून चौदा स्वयंपाकघरांत जातं. त्या झऱ्याबद्दल काहीही ठरवायचं तर चौदाच्या चौदा घरांचे शिक्के कागदावर उमटावे लागतात. एक घर जरी नाही म्हणालं तरी कागद परत. यजमान हिदेओ-सान जाऊन तीन वर्षं होत आली, तेव्हापासून कुरोइवा घराचा शिक्का प्रभावतीबाईंकडे होता. नवऱ्याला एकेरी हाक मारायची नाही ही मिरजेची शिकवण आणि नावाला सान जोडायचं ही इथली रीत, दोन्हींचं प्रभावतीबाईंपाशी चांगलं जमलं होतं. मिरजेला तंबोरे बनवायला शिकायला आलेला तो अबोल मुलगा, त्याच्यामागून टोकियोला आलेल्या त्या. आणि आता त्या दोघांच्या घराचं मत एका बोटभर लाकडी शिक्क्यात होतं.

मागणी आदितच्याच कंपनीची होती. तिचं ऑफिस तोयोसुत, खाडीकाठच्या एका उंच इमारतीत, आणि आदित तिथे भूगर्भाचा इंजिनीअर. गावाच्या वरच्या अंगाला चार किलोमीटर खोल भोक पाडायचं, खालच्या तापलेल्या खडकात प्रचंड दाबाने पाणी घुसवून त्याला भेगा पाडायच्या, आणि त्या भेगांतून तापून वर येणाऱ्या वाफेवर वीज करायची. धूर नाही, कोळसा नाही. नोव्हेंबरात चाचणीचं एक लहान भोक पाडूनही झालं होतं. पण खाली भेगा पडल्या तर वरच्या झऱ्याचं काय, हे विचारलं की कंपनीची माणसं रंगीत नकाशे उलगडायची आणि गावातली माणसं गप्प बसायची.

नुपूरने त्याचं उत्तर अकरा दिवसांपूर्वी गावाच्या लाइन ॲपवरच्या ग्रुपवर टाकलं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल होता तो: झऱ्याच्या पाण्यात तांबं मर्यादेच्या चौपट. गावाच्या तोंडचं पाणीच पळालं. सत्तरी-ऐंशीतली माणसं सुपरमार्केटमधून दोन-दोन लिटरच्या बाटल्या वाहायला लागली. हिदेओ-सानांची थोरली बहीण फुमिए, म्हणजे मुलांची फुमी आत्या, गेले अकरा दिवस भातसुद्धा बाटलीतल्या पाण्यात शिजवत होती.

"आई, वांगी मस्त झालीयेत," सोनल म्हणाली. ती ठाण्याची. तोयोसुतच एका आयटी कंपनीत होती आणि ह्या घरात शांततेचं खातं आपोआप तिच्याकडे आलं होतं. "नुपूर, तुला वाढू?"

"थोडंसं. आणि वहिनी, प्लीज, त्याला सांग की मला मेल फॉरवर्ड करू नकोस. मी वाचत नाहीये."

"मी इथेच बसलोय," आदित म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग वाच ना एकदा. दोनच पानं आहेत." त्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तांबं आलं कुठून, एवढंच विचारतोय मी. आमच्या ड्रिलिंगमध्ये तांबं वापरलेलंच नाही. त्या डोंगरात तांबं नाही. खोलातलं पाणी वर आलं असतं तर आधी क्लोराइड वाढलं असतं, बोरॉन वाढलं असतं. तुझ्याच रिपोर्टमध्ये ते दोन्ही जसंच्या तसं आहे. तांबं तेवढं चौपट. हे कसं होईल?"

"ते शोधणं तुमचं काम. पाइप जुना असेल, तुमच्या हादऱ्यांनी काही सुटलं असेल. मला काय माहीत? मी मुलांना जपानी शिकवते, खडक नाही."

"पाइप लोखंडी आहे, नुपूर."

"तुमची कंपनी असंच म्हणणार."

"मी कंपनी नाहीये. मी तुझा भाऊ आहे."

"मग भावासारखा बोल. तिथे आत्या राहते, दादा. ते पाणी पिऊन बाबा मोठे झाले. तुम्ही तिथे चार किलोमीटर खाली दगड फोडणार आणि म्हणणार, डोन्ट वरी."

मनातून प्रभावतीबाई नुपूरच्या बाजूच्या होत्या आणि ते आदितलाही माहीत होतं. त्यांना त्या भेगांची भीती वाटे. नकाशावर भेगा बारीक लाल रेघांनी दाखवल्या होत्या, आणि झरा कुठे आहे हे शोधायला त्यांना चष्मा पुसावा लागला होता. शिक्का मारायचा नाही, हे त्यांनी अहवाल येण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

"एक विचारू?" सोनल म्हणाली. तिच्या ऑफिसात काही बिघडलं की पहिला प्रश्न असाच विचारत, शेवटचा हात कुणाचा लागला. "सॅम्पल कोणी घेतलं होतं?"

"आईने," नुपूर म्हणाली. "म्हणजे आईने आत्याकडून मागवलं. मार्चमध्ये मला शाळेतून मान वर करायला वेळ नव्हता. मी किट आईला दिलं, आईने भरून आणलेली बाटली मला दिली, मी लॅबला पाठवली. लेबल आहे, तारीख आहे, सगळं आहे. हो ना आई?"

तिघांनी प्रभावतीबाईंकडे पाहिलं. आणि प्रभावतीबाईंनी, का कोण जाणे, देवघराकडे पाहिलं.

देवघर म्हणजे फ्रिजशेजारच्या कपाटाचा वरचा खण. तिथे बाळकृष्ण, अन्नपूर्णा, हिदेओ-सानांचा छोटा फोटो आणि उजव्या हाताला तांब्याचा गडू. मिरजेला माहेरी काशीच्या गंगेचा गडू असायचा, तोंडाला कथलाचा डाख लावून बंद केलेला. इकडे येताना प्रभावतीबाईंनी तसाच एक रिकामा गडू आणला होता. इथे गंगा कुठून आणायची, म्हणून त्या हिरमुसल्या होत्या, तेव्हा हिदेओ-सान पहिल्याच मे महिन्यात तो नुकुसावाला घेऊन गेले. मे महिन्यात चौदाही घरांची माणसं मिळून झरा साफ करतात. सफाई झाल्यावर पहिलं निवळ पाणी त्यांनी गडूत भरलं आणि झाकण लावून मेणाने बंद केलं. पुढे दर वर्षी तेच. जुनं पाणी झाडांना, नवं गडूत. शेवटचा गडू त्यांनी भरला तो गेले त्या वर्षी. त्यानंतर प्रभावतीबाईंनी तो रिकामा केलाच नव्हता.

मार्चपर्यंत केला नव्हता. मार्चमध्ये नुपूर किट देऊन गेली तेव्हा नुकुसावाच्या रस्त्यावर अजून बर्फ होतं. ऐंशीला आलेल्या नणंदेला त्या निसरड्यावरून झऱ्यापर्यंत धाडायचं, मग बाटली घेऊन पोस्टात पाठवायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. आणि पाणी तर घरातच होतं. त्याच झऱ्याचं, हिदेओ-सानांच्या हातचं, तीन वर्षं देवासमोर बसलेलं. त्याहून शुद्ध पाणी कुठलं असणार? त्यांनी मेण खरवडून काढलं, बाटली काठोकाठ भरली आणि लेबलवर सुरेख अक्षरात लिहिलं, नुकुसावा, झरा. तारीख घातली त्या दिवसाची. सूचनांचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला होता. तो त्यांनी नीट घडी घालून किटबरोबर तसाच परत केला होता.

तीन वर्षं तांब्यात ठेवलेलं पाणी.

"आई?" नुपूर म्हणाली.

"ताक आणते," म्हणून त्या उठल्या.

फ्रिजचं दार उघडून त्या उभ्या राहिल्या. आत गार होतं आणि डोकं तापलं होतं. कुणालाच कळणार नाही, हा विचार आधी आला. मग दुसरा आला, की ह्या एका अहवालामुळे गाव नाही म्हणेल, भेगा पडणार नाहीत, झरा वाचेल. म्हणजे देवानेच करवून घेतलं की. तिसरा विचार फुमिएचा होता. अकरा दिवस बाटलीतलं पाणी. परवा फोनवर ती म्हणाली होती, ह्या पाण्याचा चहा कसा लागतो ते तुला सांगता येणार नाही, प्रभा, पण हिदेओचं पाणी विषारी झालं हे माझं मन अजून मानत नाही. फ्रिज बंद करा म्हणून बारीक शिट्टी वाजवायला लागला. त्यांनी ताकाचं भांडं काढलं आणि दार लावलं.

"ते पाणी मी गडूतून दिलं होतं," त्या टेबलाशी येऊन म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, बर्फ, मेण, लेबल, घडी घातलेला कागद. सांगताना त्या उभ्याच होत्या.

आदितने डोळे मिटले आणि तो खुर्चीला टेकला. सोनलने ताकाचं भांडं त्यांच्या हातातून घेतलं. नुपूर एकटक गडूकडे बघत होती.

"बाबांनी भरलेलं?" तिने विचारलं. "ते उघडलंस तू? माझ्या बाटलीसाठी?"

"तुला घाई होती ना."

नुपूरचा चेहरा रडायच्या बेताला आला आणि मग एकदम ताठ झाला. "ओके. चोत्तो मात्ते. थांबा सगळे," ती म्हणाली. "हे उद्या सांगायची गरज नाहीये. उद्या मीटिंग होऊ दे. गाव नाही म्हणेल. मग मी स्वतः जाऊन नवीन सॅम्पल घेते, नीट लॅबला देते, आणि जे येईल ते ग्रुपवर टाकते. खोटं कुठे बोलतोय आपण? थोडं उशिरा खरं बोलतोय."

"नुपूर," सोनल म्हणाली.

"वहिनी, तू ह्याच्या बाजूने बोलणार, साहजिक आहे."

"मी कुणाच्याच बाजूने बोलत नाहीये. आत्या बाटल्या वाहतायत गं. ऐंशी वर्षांच्या आहेत त्या."

आता आदित खुशीत येईल असं प्रभावतीबाईंना वाटलं होतं. ते झालं नाही. "आई, तू नको सांगूस," तो म्हणाला. "लॅबमध्ये बाटल्यांची अदलाबदल झाली म्हणू. मी सांगतो. नाहीतर गावात तुझं नाव... तुला माहितीये तिथे कसं असतं. पाण्यात चूक केलेलं घर चार पिढ्या लक्षात ठेवतात. तू चाळीस वर्षं मेहनतीने तिथली झालीस."

हे मात्र खरं होतं. लग्न होऊन पहिल्यांदा गावात गेल्या तेव्हा लोक लांबून बघायचे. दर मे महिन्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून शेवाळ काढता काढता त्या तिथल्या झाल्या. ते सगळं उद्या एका वाक्यात जाऊ शकत होतं, आणि त्यांना त्याची भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती.

"काय मजा आहे," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस एकमेकांना पाण्यात पाहत होतात. आणि आता दोघांचं एकमत झालं, ते आईला गप्प बसवण्यावर."

सोनलला हसू आलं, मग आदितला, आणि शेवटी नाइलाजाने नुपूरलाही.

"शिक्का माझा आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या. "चूकही माझीच. उद्या सात चाळीसची शिनकानसेन आहे. तिघंही येताय. आता ताक घ्या."

*

नुकुसावाचं सभाघर म्हणजे एक लांबट खोली, खाली तातामीच्या गवती चटया. मधोमध रॉकेलचा स्टोव्ह. एप्रिल लागला तरी डोंगराच्या सावलीत बर्फाचे ढीग होते. चौदा घरांची एकोणीस माणसं उशांवर बसली होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात चहाच्या कपाऐवजी बाटली होती, दुकानातली, बंद झाकणाची. आजवर ह्या खोलीत झऱ्याच्या पाण्याचा चहा नाही असं कधी झालं नव्हतं.

फुमिए भिंतीशी बसली होती. प्रभावतीबाई पहिल्या दिवसापासून तिला वन्सं म्हणत. ह्याचा अर्थ फुमिएने एकदाच विचारला होता आणि चाळीस वर्षं त्या हाकेला ओ देत आली होती. आज त्या शेजारी जाऊन बसल्या तेव्हा तिने त्यांच्या गुडघ्यावर आपली शाल अर्धी पसरली. प्रभावतीबाईंना ती शाल फार जड वाटली.

समितीचे प्रमुख सेगावा-सान, शहाऐंशी वर्षांचे. ते म्हणाले, "कंपनीचा कागद आलेला आहे. पाण्याचा अहवालही आलेला आहे. आधी कुणाला बोलायचं आहे?"

प्रभावतीबाई उठल्या, खोलीच्या मधोमध आल्या आणि तातामीवर गुडघे टेकून बसल्या. पिशवीतून त्यांनी गडू काढला आणि समोर ठेवला. मागे नुपूरने श्वास आत ओढलेला त्यांना ऐकू आला.

"हा बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे," त्या जपानीत म्हणाल्या. "हिदेओ-सान दर मे महिन्यात ह्यात पाणी भरायचे. माझ्या माहेरी पवित्र नदीचं पाणी असं घरात ठेवतात. प्रयोगशाळेत गेलेलं पाणी झऱ्याचं नव्हतं, ह्यातलं होतं. मुलीला मी सांगितलं नाही. तिला वाटलं, ताजं आहे. पाणी तीन वर्षं तांब्यात होतं. अहवालातलं तांबं ह्या भांड्याचं आहे. झऱ्यात काही झालेलं नाही. तुम्ही सगळ्यांनी अकरा दिवस पाणी विकत आणलंत ते माझ्यामुळे. माझी चूक झाली." आणि त्यांनी कपाळ तातामीला टेकवलं.

त्या तशाच राहिल्या. तातामीला गवताचा वास येत होता. वर कुणीतरी खाकरलं. कुणीतरी बाटली खाली ठेवली.

"म्हणजे पाणी चांगलं आहे," एक पुरुषी आवाज म्हणाला.

"मग भीती कसली?" दुसरा म्हणाला. "चाचणीचं भोक पाडून झालं, पाण्याला काही झालं नाही. मारूया शिक्के आणि मोकळे होऊया. मुलं गावात परत येतील काही कामधंदा आला तर."

होकाराची कुजबुज पसरली. प्रभावतीबाईंनी डोकं वर केलं. हेच होणार हे त्यांना काल फ्रिजसमोरच कळलं होतं. तरी आपणच आपल्या हाताने झरा देऊन टाकला, असं त्यांना वाटलं; एवढी चूक करून वर एकट्या आपल्या घराने नाही म्हणायचं तोंड आता उरलं नव्हतं. नुपूरकडे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"थांबा," आदित म्हणाला.

तो दाराशी बसला होता, कंपनीचा माणूस म्हणून नाही, घरचा म्हणून. आता तो पुढे आला आणि आईच्या शेजारी गुडघे टेकून बसला. सोनलने त्याच्याकडे पाहून मान हलवली, एकदाच. म्हणजे त्यांचं आधी बोलणं झालेलं होतं. रात्री किंवा सकाळी गाडीत, आई डुलकी काढत असताना.

"पाणी चांगलं आहे असं आईने सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "अहवालातलं पाणी झऱ्याचं नव्हतं, एवढंच तिने सांगितलं. मग झऱ्याचं कसं आहे? ते कुणालाच माहीत नाही. आमच्या कंपनीने हा झरा एकदाच तपासलाय. ऑक्टोबरात, एका सकाळी, एक बाटली. बर्फ वितळतं तेव्हा ह्यात काय असतं, पावसाळ्यात काय असतं, आम्हाला माहीत नाही. उद्या भेगा पाडल्या आणि पाण्यात काही बदललं, तर ते आमच्यामुळे की आधीपासून होतं, हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही. आणि नाही बदललं, तर ते आम्ही सिद्ध करू शकणार नाही."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" सेगावा-सानांनी विचारलं.

"हो. काम सुरू करण्याआधी चारही ऋतूंत पाणी तपासावं असं मी लिहून दिलं होतं. काम वर्षभर लांबेल म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं. मी पुन्हा विचारलं नाही. मूग गिळून बसलो." शेवटचं वाक्य त्याने मराठीतच म्हटलं आणि मग गोंधळून त्याचं जपानी केलं. "मला अजूनही वाटतं की ही वीज चांगली आहे. काळजीपूर्वक केलं तर झरा राहील आणि वीजही मिळेल. पण वाटणं वेगळं, माहीत असणं वेगळं. तुम्ही आज शिक्के मारलेत तर माझ्या वाटण्यावर माराल."

"तुझ्या नोकरीचं काय?" फुमिएने भिंतीपासून विचारलं. सगळ्या खोलीत तिलाच ते विचारावंसं वाटलं.

"बघू, आत्या. उद्या ऑफिसात सांगणार आहे, इथे बोललो म्हणून. बहुतेक खोलीभर माणसांसमोर माझी हजेरी घेतील. पण काढून टाकायला कारण तर हवं."

नुपूर उठून पुढे आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. ती भावाच्या दुसऱ्या बाजूला बसली. आता तिघंही ओळीत, समोर गडू.

"बाटली कुठली हे न विचारता मी अहवाल ग्रुपवर टाकला," ती म्हणाली. "मला जे हवं होतं तेच त्यात आलं, म्हणून मी विचारलं नाही. मला क्षमा करा. पण दादा म्हणतो तसं करायचं असेल, तर एक वर्ष दर महिन्याला येऊन पाणी मी भरते. सूचना वाचून. ह्याच्या समोर भरते, म्हणजे कंपनीलाही शंका नको."

"आणि वर्षाने जे येईल ते?" सेगावा-सान म्हणाले.

"ते मानेन. नाही म्हणायचं असलं तर तेव्हा आकडे हातात घेऊन म्हणेन."

सेगावा-सानांनी गडूकडे पाहिलं. मग कंपनीचा कागद उचलला, त्याची घडी घातली आणि आपल्या मागे ठेवून दिला. "ह्यावर आज शिक्के नाहीत," ते म्हणाले. "नाही म्हणूनही नाहीत. कुरोइवांच्या मुलाने सांगितलं ते आधी लिहून काढू. चार ऋतूंची तपासणी, बाहेरची प्रयोगशाळा, दोन्हीकडची माणसं हजर. कंपनीने ते मान्य केलं तर पुढच्या एप्रिलात बोलू. ह्या कागदावर कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. कागद हाताने लिहिला गेला, आदितने सांगायचं आणि नुपूरने लिहायचं, आणि दोनदा शब्दावरून वाद झाला तो मराठीत. शिक्क्यांची लाल डबी हातोहात फिरली. कुरोइवा घराची पाळी आली तेव्हा प्रभावतीबाईंनी पर्समधून शिक्का काढला, त्याच्यावर हळूच फुंकर मारली, हिदेओ-सान मारायचे तशी, आणि कागदावर टेकवला. इतका सरळ उमटलेला शिक्का त्यांनी आधी कधी मारला नव्हता.

*

पहिली बाटली आजच भरायची असं ठरलं. सोनलच्या पिशवीत एक नवं किट होतं, गेल्या आठवड्यातच मागवून ठेवलेलं. बोलता बोलता ही मुलगी किती पुढचं बघते, असं प्रभावतीबाईंच्या मनात आलं. सगळी वरात झऱ्याकडे निघाली. वाट दोनशे पावलांची, पण चिखलाची. फुमिए काठी टेकत पुढे चालली होती. सभाघरातून निघाल्यापासून ती प्रभावतीबाईंशी एक अक्षर बोलली नव्हती. शालही परत घेतली होती.

कातळाखाली पाणी नेहमीसारखंच वाहत होतं, कुणी काय ठरवलं त्याची दखल न घेता. नुपूरने सूचनांचा कागद उघडला आणि दोन्ही बाजू मोठ्याने वाचून दाखवल्या. आदितने हातमोजे घातले आणि बाटली धरली. झाकण लावल्यावर लेबलवर पाणी भरणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती, एकाच नावापुरती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नुपूरने बारीक अक्षरात दोघांचीही लिहिली, आधी दादाचं.

"वन्सं," प्रभावतीबाई हळूच म्हणाल्या. "मला तुम्हाला आधी फोन करायला हवा होता."

फुमिएने दगडावरची बांबूची पळी उचलली, पाण्यात बुडवली आणि ओठांना लावली. अकरा दिवसांनी. चौदा घरांची माणसं बघत उभी होती. ती अर्धं पाणी प्यायली, डोळे मिटून, सावकाश. मग उरलेलं तसंच पळीत ठेवून तिने ती पळी प्रभावतीबाईंसमोर धरली.

"बर्फ होतं म्हणून मला पाठवलं नाहीस," ती म्हणाली. "मी ह्या वाटेने ऐंशी वर्षं चालतेय, प्रभा. पुढच्या वेळी मला सांगत जा. घे, पी."

प्रभावतीबाईंनी पळी दोन्ही हातांनी धरली. पाणी इतकं गार होतं की दात ठणकले, आणि चव तीच होती. पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून गडू काढला आणि क्षणभर तसाच हातात धरला, नाकारतील की काय म्हणून. फुमिएने तो त्यांच्या हातातून घेतला, आतलं उरलंसुरलं पाणी कडेच्या नेच्याच्या मुळाशी ओतलं, आणि वाकून, भाऊ भरायचा तसा, झऱ्याखाली धरला.